भट्टीच्या नाल्यात शेवटी कोण होतं

पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या आतेभावासोबत घडलं आहे. त्यानं मला सगळं सांगितलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, आणि तो सांगताना एकदाही माझ्याकडे बघत नव्हता.

तारीख ३१ मार्च २०२४. रविवार.

भूत म्हटलं की लोक रात्रीचं विचारतात. ही रात्र नव्हती. भर दुपारचे साडेबारा वाजले होते. डोक्यावर सूर्य होता. सावली पायाखाली गेली होती.

म्हणूनच मला याची जास्त भीती वाटते.

माझ्या आतेभावाचं नाव धम्मदीप. वय एकोणतीस. खामगावला एका आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. त्याला एकच नाद, सायकल. सुट्टी मिळाली की मागे पिशव्या बांधायच्या आणि एकट्यानं निघायचं. त्या वर्षी होळीनंतर त्याला आठ दिवस मिळाले होते. खामगावहून नांदुरा, तिथून जळगाव जामोद, मग सातपुड्याच्या पायथ्यानं चिखलदऱ्यापर्यंत जायचं असं त्यानं ठरवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो वरवट बकालला चहाला थांबला.

टपरीसमोर एक जीप उभी होती. चार माणसं चहा पीत होती. पाठीवर मोठ्या सॅक, पायात बूट. त्यातल्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं सायकलकडे पाहून विचारलं,

"कुठपर्यंत?"

"चिखलदऱ्यापर्यंत, सर." शिक्षक ओळखू येतातच. धम्मदीपच्या तोंडून आपोआप 'सर' निघालं.

ते महादेवराव. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणत.

"ज्वालामुखी पाह्यला का कधी?"

धम्मदीप हसला. "बुलडाणा जिल्ह्यात कुठला ज्वालामुखी, सर?"

"ज्याच्यावर तू उभा आहेस, तोच." सरांनी बुटाची टाच जमिनीवर आपटली. "हा सगळा मुलूख लाव्हाचा. जमीन फाटली आणि खालून आग वर आली. ती फाट अजून आहे वर डोंगरात. गावातले लोक तिला भट्टीचा नाला म्हणतात. तीन दिवस चालावं लागतं. येतोस?"

त्याच्याकडे आठ दिवस होते. सायकल कुठेही ठेवता आली असती.

"येतो," तो म्हणाला.

 त्यांच्यातली एक बाई, रेणुका, शाळेत शिकवणारी, तिनं हातातला ग्लास खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिच्या शेजारी हरिओम बसला होता. मेडिकलचं दुकान असलेला, आडवा, धट्टाकट्टा. त्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तिनं ग्लास पुन्हा उचलला.

चौथे मात्र खूश झाले. माणिकराव. नांदुऱ्याचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. बासष्ट वर्षांचे, उजव्या गुडघ्यावर पट्टा बांधलेला.

"बरं झालं बापू! मी बी नवाच हाय. तीस वर्षं गाडीत मागं-पुढं चाललो, पन गाडीबाहेरचा डोंगर काई पाह्यला नाही. आता दोघं नवे मिळून पाहू."

सर म्हणाले, "शेवटी चालायला एक दमदार माणूस पाहिजेच होता."

धम्मदीपला तेव्हा ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी सकाळी ते डोंगराखालच्या शेवटच्या गावात पोचले. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं पंजाबराव नावाच्या म्हाताऱ्याच्या अंगणात सायकल ठेवली. तिसऱ्या दिवशी नाल्यातून उतरून त्याच अंगणात परत यायचं होतं.

पंजाबरावांनी पाचही जणांना नीट पाहून घेतलं. मग सरांना विचारलं,

"मागं कोन चालते?"

"हा." सरांनी धम्मदीपकडे बोट केलं.

 सर पुढे गेल्यावर म्हाताऱ्यानं धम्मदीपचं मनगट धरलं.

"पोरा... मागून हाक आली तर ओ देजो नोको."

"कोणाची हाक?"

"कोनाचीबी."

धम्मदीपनं मान हलवली. गावोगावी असलं काहीतरी सांगतातच, असं त्याला वाटलं.

पाच जण एका रांगेत निघाले. पुढे सर. मग हरिओम, मग रेणुका, मग माणिकराव. सगळ्यात शेवटी धम्मदीप.

सागाचं रान होतं. पानगळ झालेली. वाटेवर सागाची वाळलेली मोठमोठी पानं पसरली होती. पाय पडला की कुरकुर वाजायची. पाच माणसांच्या पावलांचा आवाज मोठा होता.

पहिल्या दिवशी दुपारनंतर धम्मदीपला वाटलं... आवाज जरा जास्तच आहे.

तो थांबला.

पुढचे चौघं चालत राहिले. त्यांचा आवाज पुढे गेला.

मागं पान वाजलं.

एक पाऊल. आणि मग काहीतरी ओढल्यासारखं... फरर्र.

मग शांत.

त्यानं वळून पाहिलं. वाट रिकामी होती. उन्हात पळसाची चार फुलं पडलेली, एवढंच.

जनावर असेल म्हणून तो पुढे निघाला. पाच मिनिटांनी पुन्हा आलं. एक पाऊल... फरर्र. एक पाऊल... फरर्र. तो थांबला की तेही थांबायचं. पण बरोबर नाही. एका पावलानं उशिरा.

त्या रात्री झऱ्याकाठी तंबू टाकले, खिचडी झाली, सगळे झोपले. रात्री काहीच झालं नाही. जे व्हायचं ते दिवसाच होत होतं.

शनिवारी सकाळी झऱ्यावर त्यानं दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, झाकणं लावली. तासाभरानं तहान लागली म्हणून एक बाटली काढली.

रिकामी.

दुसरी काढली... तीही रिकामी.

झाकणं घट्ट होती. सॅक आतून कोरडी होती. एक थेंब सांडलेला नव्हता.

"काका," तो माणिकरावांना म्हणाला, "माझं पाणी कुठं गेलं?"

"पेला असशीन बापू. ऊन हाय." त्यांनी आपली बाटली पुढे केली. "हे घे. आपन दोघात पिऊ. मले तशीबी तहान कमी लागते."

दिवसभर ते त्याला पाणी देत राहिले. चालताना गोष्टी सांगत राहिले. कोणत्या फेरीला कोण म्हातारी रोज फुकट बसायची, तिला त्यांनी कधी उतरवलं कसं नाही. गुडघा दुखला की थांबायचे, आणि दर वेळी तेच म्हणायचे,

"तू मागं हाय म्हनून मले भेव नाही बे."

दुपारी हरिओमला काहीतरी सापडेना म्हणून तो आणि धम्मदीप आल्या वाटेनं थोडं मागे गेले. तिथं वाटेवर बारीक माती होती. पिठासारखी. त्यात सगळ्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते.

धम्मदीपच्या बुटाचा ठसा सगळ्यांच्या वर होता. तोच शेवटी होता ना.

पण त्याच्या ठशावरही... एक ठसा होता.

छोटा डावा पाय. आणि उजव्या पायाच्या जागी लांब रेघ. ओढत नेल्यासारखी.

"हरिओमभाऊ, हे काय आहे?"

हरिओमनं खाली पाहिलं. एकदाच. मग बुटानं ती माती पुसून टाकली.

"अस्वल असंन."

"अस्वलाचा पाय असा..."

"अस्वल म्हटलं ना तुले!"

त्यानंतर हरिओमला जे शोधायचं होतं ते त्यानं शोधलंच नाही. तो जवळजवळ पळतच परत गेला.

आणि मग रविवार आला.

साडेअकराला ते भट्टीच्या नाल्यात उतरले.

दोन्ही बाजूंनी काळ्या दगडाच्या भिंती. दगडही असा, की कोणी लाकडं तोडून एकावर एक रचून ठेवावीत. मध्ये कोरडं पात्र, गोटेच गोटे. वारा नाही. तापलेल्या दगडातून आच अंगावर येत होती. भट्टी हे नाव उगाच नव्हतं.

हीच ती फाट. हिच्यासाठी तर तीन दिवसांची पायपीट.

दोन दिवस प्रत्येक दगडावर व्याख्यान देणारे सर इथं काहीच बोलले नाहीत.

भिंतीकडे पाहिलंही नाही. मान खाली घालून ते भराभरा चालत होते. हरिओम त्यांच्या पाठीला चिकटून. रेणुका त्याच्यामागे, ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती.

"सर, जरा थांबू ना! पाहू द्या तरी!" माणिकराव ओरडले.

सर थांबले नाहीत.

धम्मदीपच्या एक गोष्ट लक्षात आली. पक्षी ओरडत नव्हते. किडेही नाहीत. गोट्यांवर आपटणाऱ्या बुटांचा आवाज तेवढा होता.

आणि मागं...

एक पाऊल... फरर्र.

आता पानं नव्हती. दगड होते. दगडावरून कापड आणि कातडं घासलं जावं तसा तो आवाज होता. जवळ होता. अगदी वीसेक पावलांवर.

माणिकराव एका दगडावर टेकले. गुडघ्याचा पट्टा सुटला होता. "एक मिनिट बापू," म्हणाले आणि वाकून बांधू लागले. धम्मदीप त्यांच्यापुढे दहा पावलांवर उभा राहिला.

तेवढ्यात रेणुका मागे फिरून त्याच्याकडे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं त्याची बाही धरली.

"माझ्या पुढे व्हा. मागे राहू नका."

"काय झालं, ताई?"

"तुम्हाला मुद्दाम मागे ठेवलंय." ती दबक्या आवाजात बोलत होती, एका दमात. "दोन वर्षांपूर्वी आमच्यासोबत पूनम होती. माझ्याच शाळेतली. इथंच तिचा पाय मोडला. पाणी संपत आलं होतं. सर म्हणाले, एका माणसापायी सगळ्यांनी मरायचं का? आम्ही निघालो. ती हाका मारत होती. थांबा ना, थांबा ना. तिघांपैकी एकानंही मागे पाहिलं नाही. संध्याकाळी माणसं घेऊन आलो तेव्हा..."



"मग परत इथं आलात कशाला?"

"ती घरी येते हो. आमच्या तिघांच्याही. दुपारची. दाराबाहेर पाय ओढत फिरते. सर म्हणाले, तिला कोणीतरी सोबतीला दिलं की..."



"काकांना माहीत आहे हे?"

रेणुकानं मान हलवली. नाही.

आणि बाही सोडून ती पळाली.

आता मी जे लिहितोय ते धम्मदीपनं मला तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा जसंच्या तसं.

माणिकराव पट्टा बांधून उभे राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला. बाईचा. घसा पार कोरडा पडलेला.

"थांबा ना..."

 पण माणिकराव घाबरले नाहीत.

"ऐकलं का बे? बाई हाय कोनी. कालपासून ऐकून राह्यलो मी."

"काका, चला. मागं पाहू नका."

"अरे, हात दाखवला का गाडी थांबवा लागते, बापू. असं सोडून जाते का कोनी?"

"काका, चला म्हणतो ना!"

माणिकराव वळले. त्यांनी मागे पाहिलं.

धम्मदीपला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. एका बाजूनं. आधी त्यावर हसू होतं. बसमध्ये चढणाऱ्या म्हातारीकडे पाहून येतं तसं.

मग ते हसू गेलं... तोंड मात्र उघडंच राहिलं.

ते दोन पावलं मागे सरकले. गुडघा मुडपला आणि ते गोट्यांवर बसले. धाडकन. भिंतीला पाठ लागली. त्यांनी हात पुढे केला.

"धम्मदीप... हात दे. उठता नाही येत मले."

सरकत सरकत ते त्याच्याजवळ आले होते. दोन हातांवर होते. फक्त दोन. वाकला असता तरी पुरलं असतं.

धम्मदीप वाकला नाही.

तो पळाला.

मागून हाक आली. "धम्मदीप! थांब बापू!"

पुन्हा आली. "थांब ना रे..."

मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, असं पंजाबराव म्हणाले होते. पळताना तो तेच घोकत होता. ओ द्यायची नाही. हे काका नाहीत. हे ती बोलतेय.

पण त्याला माहीत होतं. तो माणिकरावांचाच आवाज होता. त्यात त्याला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

तिसरी हाक आली तेव्हा तो वळणापलीकडे गेला होता.

पंजाबरावांच्या अंगणात तो पोचला तेव्हा पाऊण वाजला होता. बाकीचे तिघं कडुनिंबाखाली बसले होते. पंजाबराव शेतावर गेले होते. त्यांची सून सुवर्णा पाण्याची घागर घेऊन बाहेर आली. जाताना पाच जण पाहिले होते म्हणून तिनं पाच पेले आणले.

चार पेले उचलले गेले. पाचवा तसाच भरलेला.



सरांनी धम्मदीपकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या रिकाम्या वाटेकडे. आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. धम्मदीप म्हणतो, नाल्यातल्या आवाजापेक्षा त्याला तो श्वास जास्त आठवतो.

"येतील मागून," हरिओम म्हणाला.

"ऊन उतरू द्या," सर म्हणाले.

धम्मदीप उठला नाही. त्यानं आणखी दोन पेले पाणी प्यायलं. तिथं दोन तास बसून राहिला.

तीन वाजता पंजाबराव आले. त्यांनी माणसं मोजली. चार.

"अबे, मानसं हाय का कोन हाय तुम्ही?"

एवढंच बोलून त्यांनी गावातले चौघं घेतले, खाट घेतली आणि नाल्याकडे धावले.

दिवस बुडायच्या आत ते माणिकरावांना घेऊन आले. खाटेवर. वरून चादर टाकलेली.

उन्हानं गेले, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या सॅकमध्ये अर्धी बाटली पाणी होतं. त्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. उजवी मूठ मात्र गच्च आवळलेली होती. खाट धरणाऱ्यांपैकी एकानं सांगितलं, मूठ उघडायला दोन माणसं लागली.

आत काहीच नव्हतं.

जबाब सरांनी सांगितला. 'ते थकले म्हणून स्वतःहून मागे थांबले, आम्ही मदत आणायला पुढे आलो.' हरिओमनं सही केली. रेणुकानं केली.

धम्मदीपनंही केली.

तेरवीला तो नांदुऱ्याला गेला. जायचं नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. माणिकरावांच्या पत्नी मनकर्णाबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. तो दारात उभा राहिला.

"काकू..."

त्यांनी झटकन मान वर केली. उठल्या. आणि त्याचे दोन्ही हात धरून रडायला लागल्या.

"तुम्हीच ना? सायकलवाले? आवाजावरून ओळखलं मी."

धम्मदीपला समजेना. त्यांच्याशी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"देव भलं करो बाप्पा तुमचं. सगळे सोडून गेले, पन तुम्ही थांबले त्याईच्यासाठी."

"काकू, मी..."

"फोन आला होता ना त्याईचा. म्हने, माह्यानं उठनं होत नाही, पन सायकलवालं पोरगं जवळ बसलं हाय. हात धरून हाय. मंग तुम्हालेच दिला नाही का फोन? मी म्हटलं, बापू, सोडून नोको जाऊ. तर तुम्ही म्हनले..."

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"तुम्ही म्हनले, मी कोनाले सोडून नाही जात, काकू."

त्या नाल्यात टॉवर नाही. गावातही घराच्या छतावर चढावं लागतं.

त्यांनी फोन काढून दाखवला. ३१ मार्च. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. अकरा मिनिटं बोलणं.

एक वाजून वीस मिनिटांनी धम्मदीप कडुनिंबाखाली होता.

त्यानं फोन त्यांच्या हातात परत दिला. पानावर बसला, दोन घास खाल्ले आणि निघून आला.

त्यानंतर मनकर्णाबाई अधूनमधून फोन करायच्या. तब्येत विचारायच्या. जेवला का विचारायच्या. तोही कसाबसा बोलायचा. असं जवळजवळ वर्ष गेलं. मागच्या मार्चमध्ये त्या म्हणाल्या,

"बरं तर, सोमवारी सकाळच्या गाडीनं निघतो मी. तुम्ही काल म्हनले तसं, सोबत कोनाले नाही आनत."

"काल? काकू, काल मी फोन केला नाही."

त्या हसल्या. "रोज तर करता बापू. एक वाजून वीसले. वर्षश्राद्धाले तिथं या म्हनले ना तुम्ही? ते बसले होते ती जागा दाखवतो म्हनले."



मग त्यानं सांगितलं. पहिल्यांदाच. सगळं. पूनमचं, सरांचं, जबाबाचं. दोन हातांवरच्या त्या हाताचं. आपण पळालो ते. हाक ऐकून, ओळखून पळालो ते.



"म्हंजे," त्या म्हणाल्या, "थांबला तो दुसराच होता."

"काकू, जाऊ नका. हात जोडतो. तो माणूस नाही."

"अन् तुम्ही हाय का?"

फोन कट झाला.

त्या गेल्या. धम्मदीपनं पंजाबरावांना निरोप धाडला, अडवा म्हणून. त्यांनी अडवलं. बाईनं ऐकलं नाही. भर दुपारी एकट्याच नाल्यात शिरल्या. पंजाबराव तोंडाशी बसून राहिले, आत जायची त्यांची छाती झाली नाही. तीनच्या सुमारास मनकर्णाबाई आपल्या पायानं बाहेर आल्या. साठीची बाई, एवढ्या उन्हातून आलेली, पण अंगावर घाम नव्हता. पंजाबराव म्हणतात, एकट्या येत होत्या, पण वाटेच्या एका कडेनं. शेजारी कोणाला जागा ठेवून चालावं तशा.

संध्याकाळच्या गाडीनं त्या नांदुऱ्याला परतल्या.

रात्री धम्मदीपनं फोन लावला. तेव्हा त्यांनी उचलला.

"भेटला," त्या म्हणाल्या. आवाज एकदम शांत. "तुमच्यावानीच दिसते. तोच चेहरा. पन तो नजर नाही चोरत."

आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी धम्मदीपचा फोन एकदाही उचललेला नाही. सकाळी लावा, रात्री लावा, नुसती रिंग वाजत राहते.

परवा तो माझ्याकडे आला होता तेव्हा मीच म्हटलं, माझ्या मोबाइलवरून लावून बघू. दुपारची जेवणं आटोपली होती. मी नंबर लावला.

बिझी लागला.

पाच मिनिटं बिझीच लागत होता. मी सहज घड्याळाकडे पाहिलं. एक पंचवीस झाले होते.

काल पुन्हा लावला, त्याच वेळी. आजही लावला.

बिझी.